अक्सोरियसचं गाव

नवा इंग्रजी शब्द भेटला की मारुतीआप्पा अर्थ नंतर विचारतात. आधी विचारतात, "ह्येचं गाव कंचं?"

आप्पा बेळगुंदीचे. शाळा सातवीपर्यंत, पण बेळगावच्या एका कॉलेजात लायब्ररीचे अटेंडर म्हणून जन्म गेला. पुस्तकांवरची धूळ झाडताना शब्द अंगाला चिकटले, म्हणतात. मी शेजारी राहते, हायस्कुलात इंग्रजी शिकवते, त्यामुळं ती धूळ रोज सकाळी माझ्या दारात झाडली जाते. 'कँडिडेट' लॅटिनमधल्या 'पांढऱ्या'वरनं आला, रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढरेशुभ्र कपडे घालायचे, हे कळल्यावर आप्पा आठवडाभर खूश होते. "म्हंजे आपल्या पुढाऱ्यांचं गाव रोमच की वो, बाई!"

गेल्या महिन्यात ते 'अक्सोरियस' घेऊन आले. आमच्या घरात हा शब्द वापरायची वेळ कधी आली नव्हती, म्हणून मी कोश काढला.

"लॅटिनचाच. तिकडं 'उक्सोर' म्हणजे बायको. बायकोच्या फाजील प्रेमात असलेला नवरा."

"फाजील? म्हंजे शिवी हाय?"

"शिवी नाही. थोडी टिंगल."

"आनि नवऱ्यावर लई जीव असलेल्या बाईला काय म्हंत्यात?"

मी पानं चाळली. माझ्या कोशात तसा शब्द नव्हता.

"न्हाय न्हवं? बाईनं जीव लावायचा ह्ये धरूनच चाललेत. बाप्यानं लावला की टिंगल." आप्पा चहा न घेताच उठले.

पुढं चार दिवस ते आलेच नाहीत. रविवारी मीच गेले. दार उघडं होतं.

त्यांची बायको पार्वतीआक्का खुर्चीत बसली होती. लकव्यानं तिचा उजवा हात गेलेला. तरी वेणी नेहमी चापूनचोपून असायची. सून घालत असेल, असं मीही धरूनच चालले होते. मागं आप्पा उभे होते. तोंडात रिबीन, हातांत तीन पेड. मला बघून ते कानापर्यंत लाल झाले.

"काय सांगिटलासा वो बाई ह्येस्नी?" आक्का म्हणाली. "चार दिस झालं, दार लावून वेणी घालाय लागलेत. आज मीच उघडाय लावलं."

आक्कानं हातातला आरसा तिरका केला.

"वाकडी झालीया बघा."

आप्पांनी मुकाट्यानं वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून भांग पाडायला घेतला.