नानापंत आणि राबाचा अर्ज

“नियम काय झाडाला लागतात, चढलास आणि तोडलास?” नानापंत ओरडत होते. समोर साखरशेतचा सोमा मुंडासं छातीशी धरून उभा.

नानापंत आमच्या जव्हारच्या कचेरीत शिरस्तेदार. नवा नियम मागणारा अर्ज आधी त्यांच्या हाती यायचा आणि अर्जदार त्यांच्या तोंडी. आवाज असा, की कौलांखालचे पारवे कंटाळून मोखाड्याला राहायला गेले. तिथेही म्हणे ते दुपारचे दचकत. मी शेजारचा कारकून. माझा डावा कान संस्थानच्या सेवेत कामी आला.

सोमाचं मागणं साधं होतं. त्या साली ऐनाच्या फांद्या छाटायला बंदी आलेली. फांद्या नाहीत तर वाफ्यावर पसरून जाळायचा राब नाही, आणि राब भाजल्याशिवाय नागलीचं रोप धरत नाही. पाऊस तोंडावर आला होता. राबापुरती छाटणी चालेल, एवढा नियम गावाला हवा होता. पण रिवाज असा, की अर्जदाराने आत कारभाऱ्यांपुढे स्वतःच्या तोंडाने बोलायचं. अडखळला, की अर्ज बासनात.

“तुला दिलं की सगळे जंगल बोडतील. मग?”

“आमी बुंधा नाय तोडत. फांदी परत फुटं,” सोमा पुटपुटला.

“ऐकू आलं नाही. बहिरा आहे मी.”

“फांदी परत फुटं.”

“आणि नाही फुटली तर? तू उगवणार तिथं?”

सोमाने एकाएकी मुंडासं डोक्यावर चढवलं. “पंत, माझे आज्यानी छाटलेला ऐन आजून उभा हाय. तुमी या, त्याचे सावलीत बसा, न् मंग ओरडा.”

पंतांच्या मिशा आता पेट घेणार, म्हणून मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“जा आत,” पंत म्हणाले.

आत कारभाऱ्यांनी मऊ आवाजात नेमकं तेच विचारलं: सगळ्यांनी जंगल बोडलं तर? सोमा थांबला. बाहेर पंत दाराला कान लावून उभे. त्यांचे ओठ हलत होते. “आजा... आज्याचा ऐन सांग, लेकरा.”

सोमाने सांगितला. राबापुरता नियम झाला.

तो बाहेर आला, पंतांना लांबून वळसा घातला, मला रामराम केला आणि पायऱ्या उतरला. पंतांना सारं जव्हार असाच वळसा घाली. देवळात कीर्तनाला चेंगराचेंगरी असली, तरी त्यांच्या शेजारी एक बैल बसेल एवढी जागा मोकळी असायची.

“हा आतल्या प्रश्नांचा सराव असतो, हे एकदा सांगून तरी टाका लोकांना,” मी म्हणालो.

पंतांनी पुढचा अर्ज ओढला. “उद्या सूर्यमाळची माणसं यायचीत. ती मला भ्यायला हवीत.”