नानांची फ्री ट्रायल

आमच्या शेजारचे भास्करनाना फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाहीत. 'बोला, कोणतं सॉफ्टवेअर?' असं विचारतात. परवा गॅस सिलिंडरवाला या प्रश्नाने पार गांगरून गेला.

नाना शेतकी खात्यातून निवृत्त झाले, पाठोपाठ त्यांच्या पत्नी अक्का वारल्या, आणि गच्चीवर भाजी कशी पिकवावी हे नाना दर रविवारी ईमेलने लोकांना सांगू लागले. जळगावच्या उन्हात त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर फक्त कुंड्या जगल्या आहेत, पण लिहितात झकास. आधी नातेवाईक वाचायचे, म्हणजे वाचतो असं म्हणायचे. मग पुण्या-नाशिकचे अनोळखी लोक नावं नोंदवू लागले. वाचक इतके वाढले की साध्या ईमेलने हात टेकले. एकगठ्ठा ईमेल पाठवायचं सॉफ्टवेअर घ्या, असा सल्ला मी दिला. माणसाने शेजाऱ्याला सल्ला देऊ नये.

नानांनी कंपन्या पारखायला घेतल्या. प्रत्येकीची फ्री ट्रायल घ्यायची आणि विकणाऱ्याचा फोन आला की त्याची उलटतपासणी करायची.

"न उघडणाऱ्यांची नावं आपोआप गाळतं म्हणता? आमचा साक्रीचा मावसभाऊ लग्नपत्रिका पण उघडत नाही, पण पंगतीला पहिला शे. त्याला गाळू?"

वाचकाला नको असेल तर एका बटणावर बाहेर पडता येतं, असं एका मुलीने कौतुकाने सांगितलं. नाना गंभीर झाले. "एका बटणावर? आमच्याकडे पाहुणा निघाला तरी दारात अर्धा तास जातो."

ट्रायल संपली की कंपनी नापास. कारणं मोठी भक्कम असत. एकीच्या लोगोचा हिरवा रंग पालकाचा नव्हता, रंग दिलेल्या मटाराचा होता. दुसरीचा माणूस फार भरभर बोलायचा. मी विषय काढला की ठरलेलं उत्तर: "घाई नको. बठ्ठं पाहू, एकूणएक, मग ठरवू." याच गृहस्थांनी मुलीची धुळ्याची सोयरीक एका चहात जमवली होती.

या पारखण्यात रविवारची ईमेल बंद पडली. अमळनेरहून माझ्या मावशीने विचारलं, "अरे, तुझे ते भाजीवाले नाना गेले की काय?" मग मात्र मी त्यांच्याकडे ठाण मांडलं आणि जिची ट्रायल चालू होती तीच कंपनी घ्यायला लावली. नाना कुरकुरले, पण घेतली. रविवारी मिरचीवरचा मजकूर बठ्ठ्या वाचकांना एका दमात पोचला. मी स्वतःवर बेहद्द खूश.

पुढच्या आठवड्यात नाना फोन हातात घेऊन आमच्याकडे आले.

"जरा पाह्य बरं भाऊ, बिघडला शे का. कोणाचाच येत नाही."

"कोणाचा यायचा होता?"

"तो इंदूरचा पोरगा रोज करायचा. जेवण झालं का नाना, म्हणायचा. आणि ती दुसरी, तिच्या आईचे गुडघे दुखतात." त्यांनी फोन उलटा करून पाहिला. "आता घेऊन टाकलं ना सॉफ्टवेअर. कशाला करतील?"

मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या हातातला फोन व्यवस्थित वाजू लागला.

मी बंद करणार, तेवढ्यात नाना हळूच म्हणाले, "राहू दे. वाजू दे जरा."