भूल उतरेपर्यंत

दातांच्या डॉक्टरांनी इअरबड्सची परीक्षा आधी घरी घेतली. चालू मिक्सरसमोर उभे राहून पाहिले, कपडे पिळणाऱ्या वॉशिंग मशीनला टेकून पाहिले, समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागल्यावर मुद्दाम खिडकी उघडून पाहिले. कुत्र्याचे तोंड हलत होते, आवाज येत नव्हता. डॉक्टर खूश झाले. त्यांच्या दवाखान्यातले निम्मे पेशंट दुखण्याला नव्हे, ड्रिलच्या आवाजाला घाबरून जिन्यातूनच परत फिरत. हे इअरबड्स रोजच्या वापराला चालले तर ते पेशंट जिना चढून वर येणार होते. पण ते कळायला खुर्चीत एक माणूस हवा होता. त्या सकाळी खुर्चीत येऊन बसले ते निवृत्त निवेदक.

निवेदकांनी उभे आयुष्य बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात घालवले होते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल आणि किती उशिरा, हे ते भोंग्यातून दोनदा सांगत. नोकरी संपली, दोनदा सांगायची सवय राहिली.

"डावी दाढ आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "डावी दाढ."

डॉक्टरांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की दाढ हा दुय्यम मुद्दा होता. सकाळी पोहायला येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये निवेदकांची डॉक्टरांच्या आईशी ओळख झाली होती. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षे झाली होती. तलावाच्या काठावर, अंगावरून पाणी निथळत असताना, निवेदकांनी तिला लग्नाचे विचारले होते. दोनदा. ती "बघू" म्हणाली आणि पाण्यात शिरली. त्यानंतर तलावाचे पाणी कितीतरी वेळा बदलले, उत्तर काही आले नाही. गाडी निघाली आहे पण कुठवर आली ते कळत नाही, अशी निवेदकांची अवस्था होती. आणि परवा ती अचानक म्हणाली, "आधी ती दाढ दाखवून घ्या. माझा मुलगा बघेल." निवेदक काय ते समजले. त्यांनी शर्टाला इस्त्री केली, केसांना पाणी लावले आणि दाढ तपासायला येताना बूट पुसले.

मदतनीस बाईंनी त्यांच्या कानात इअरबड्स बसवायला घेतले.

"हे काय आता?"

"गोंगाट गिळतात हे, काका. आत नुसता समुद्र वाजतो."

"मग डॉक्टर बोललेलं कसं ऐकू येणार?"

"ऐकायचं काही नाहीच. आ करायचा आणि पडून राहायचं. दुखलं तर डावा हात वर."

"आणि बोलायचं असलं तर? बोलायचं असलं तर?"

"तोंडात इतकं सामान असेल, की तो बेत तुम्ही आपोआप रद्द कराल."

समुद्र डॉक्टरांच्या फोनमधून येत होता आणि फोन टेबलाच्या खणात होता. हातमोजे घातलेल्या हाताने फोन घेता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो आपोआप उचलला जाईल अशी सोय करून ठेवली होती. मग कानात बोलणे आले की "हं" म्हणायचे, फार झाले तर "पेशंट आहे" म्हणायचे. आज कान दुसऱ्याचे आहेत, हे त्यांच्या लक्षात राहिले नाही.

पहिल्या इंजेक्शनने ओठ जड झाला. मग कापसाचे बोळे आले, लाळ ओढणारी नळी आली, डॉक्टरांची दोन बोटे आली, आणि जग बंद झाले. मदतनीस बाईंचे ओठ हलत होते, माशांचे हलतात तसे. ड्रिल फिरत होते, पण लांबच्या रस्त्यावरून एखादे अवजड वाहन जावे तशी फक्त दाढ थरथरत होती. वर छताला कोणीतरी ढगांचे मोठे चित्र चिकटवले होते. लाट येत होती, जात होती. निवेदकांना वाटले, आपण तलावात पाठीवर तरंगत आहोत आणि काठ कुठे आहे हे विचारण्याचे काही कारण उरलेले नाही. त्यांचे डोळे मिटू लागले.

तेवढ्यात समुद्र थांबला, आणि ढग बोलला.

"आला का रे तो?"

निवेदकांनी डोळे उघडले. आवाज ओळखीचा होता. तो कानातून येत नव्हता, डोक्याच्या अगदी मधोमध उमटत होता, स्वप्नात उमटतो तसा.

"मी पाठवलेला माणूस. आला का?"

आपण कोण, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहोत, हे निवेदकांना सविस्तर सांगायचे होते. कापूस, नळी आणि दोन बोटे ओलांडून बाहेर आले ते "हं".

"कामात आहेस ना? असू दे. नुसतं हं म्हण, नेहमीसारखं. तो मला लग्नाचं विचारतोय."

इअरबड्सच्या खोक्यावर लिहिले होते, की बोलणाऱ्याच्या आजूबाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला जात नाही. हा दावा खरा निघाला. आईला ड्रिल ऐकू गेले नाही.

निवेदक सभ्य गृहस्थ होते. दुसऱ्याचे खासगी बोलणे ऐकू नये, त्यातून ते आपल्याविषयी असेल तर मुळीच ऐकू नये, हे त्यांना कळत होते. त्यांनी उजवा हात उचलून इअरबडला बोट लावले. त्याने आवाज मोठा झाला. पुन्हा लावले. आणखी मोठा झाला. डॉक्टरांनी तो हात हळूच धरून खाली ठेवला आणि "छान बसलेत" अशी खूण केली. मग निवेदकांनी डावा हात वर केला. डॉक्टरांनी लगेच ड्रिल थांबवले आणि दुसरे इंजेक्शन दिले. आता गालही गेला, आणि अर्धी जीभ.

"माणूस वाईट नाही," आई सांगत होती. "पण किती बोलतो रे. 'पाणी गार आहे, पाणी गार आहे.' अरे बाबा, मी पाण्यातच आहे. तुझे बाबा बोलायचेच नाहीत आणि हा थांबतच नाही. मधलं काही मिळत नाही का कुठे? आणि ती पोहायची टोपी. उकडलेल्या अंड्याला चष्मा लावलाय असं वाटतं. ऐकतोयस ना?"

"हं," ढगाकडे पाहत निवेदक म्हणाले.

फोन चालूच राहिला.

"असं होय," आई म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला, आणि सावकाश झाला. "बिस्किट चहात पडलं की चमच्यानं शोधत बसतो. तोवर मी काय करायचं? पण मी दमले ना, की माझ्या फेऱ्या मोजताना चुकतो. दरवेळी एक जास्तच मोजतो. आधी वाटायचं, गणित कच्चं आहे. मुद्दाम करतो तो."

निवेदकांच्या डोळ्यांतून एक थेंब कानाच्या दिशेने निघाला. डॉक्टरांनी तो पाहिला, मदतनीस बाईंकडे पाहिले आणि तिसरे इंजेक्शन मागितले.

"भीती कसली वाटते सांगू? माझं बोलणं आजवर पुरतं कोणी ऐकलेलंच नाही. तुझे बाबा पेपरमागून हं म्हणायचे, तू तोंडं उघडून बसलेल्या लोकांमागून हं म्हणतोस. आता उरलेलं आयुष्य त्या भोंग्याखाली काढू का मी? एकदा तरी तो गप्प बसून ऐकेल का?"

दाढ लांबवर कुठेतरी थरथरत होती. निवेदकांना इतके बोलावेसे आयुष्यात कधी वाटले नव्हते, आणि बोलता येत नाही याचे इतके बरेही कधी वाटले नव्हते. ते ऐकत राहिले. तिने तिच्या गुडघ्याचे सांगितले, पहाटे घरात होणाऱ्या आवाजांचे सांगितले, लहानपणी ती पोहायला कशी शिकली ते सांगितले. ढग जागचे हलले, असेही त्यांना एकदा वाटले.

"तर आता विचारते," शेवटी ती म्हणाली. "हो म्हणू का?"

निवेदकांनी गेलेला ओठ, गेलेला गाल आणि अर्धी जीभ यांना वगळून उरलेल्या सगळ्या देहानिशी उत्तर दिले.

"हं."

"हलू नका, काका," डॉक्टर म्हणाले. ते निवेदकांना ऐकू गेले नाही. समुद्र परत सुरू झाला होता.

काम संपल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने इअरबड्स काढले.

"ड्रिल ऐकू आलं का?"

निवेदकांनी मान हलवली. नाही.

"म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. छान. पुढच्या पेशंटलाही हेच लावू या."

निवेदकांनी आयुष्यभर उशिराची गाडी उशिरा आहे असेच सांगितले होते. लबाडीने मिळालेला होकार घेऊन जिना उतरणे त्यांना जमेना. त्यांनी खरे सांगायला तोंड उघडले, तर लाळ आणि स्वर यांचे काहीतरी मिश्रण बाहेर आले. मग त्यांनी कानाकडे बोट केले, इअरबडकडे केले, खणाकडे केले, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर ठेवले.

डॉक्टरांनी खण उघडला, फोन पाहिला. "आईचा फोन? आणि इतका वेळ? आम्ही इतका वेळ कधी बोललेलोच नाही."

"तेच म्हणते मी," दारातून आवाज आला. आई उभी होती. केस अजून ओले होते आणि खांद्याला पोहण्याची पिशवी.

निवेदक खुर्चीतून उठले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"माझा मुलगा दुसऱ्या हं नंतर फोन ठेवतो," ती त्यांना म्हणाली. "टोपीपर्यंत मी त्याला सांगत होते. टोपीच्या पुढचं तुम्हाला."

निवेदकांनी मान वर केली. चेहऱ्याची उजवी बाजू हसली. डावीला अजून काही कळले नव्हते.

"आई, काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारले.

"लग्न करतेय. तुला विचारणार होते, पण तुझ्या वतीनं यांनीच हो म्हणून टाकलं."

डॉक्टर एकदा आईकडे आणि एकदा निवेदकांकडे पाहत राहिले. त्यांना बरेच काही विचारायचे असावे. पण पेशंटशी जे बोलायची सवय होती तेच तोंडातून आले. "दाढ चांगली आहे. टिकेल."

"भूल कधी उतरेल यांची?"

"तीन इंजेक्शनं झालीत. दुपार सरेपर्यंत तरी बोलता येणार नाही."

"मग चला लवकर," आईने निवेदकांचा कोपर धरला. "तेवढ्यात मला बरंच सांगून घ्यायचंय."

दोघे जिना उतरू लागले. तिचा आवाज एकेका वळणावर थोडा थोडा लहान होत गेला. मधे कुठेतरी एक जाडसर "हं" आला, आणि त्यानंतरही तो आवाज थांबला नाही, चालूच राहिला. डॉक्टर हातमोजे न काढता जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"पुढचे पेशंट बसलेत खुर्चीत," मदतनीस बाई म्हणाल्या. "इअरबड्स लावू?"

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "आई बोलतेय."