रंगनाथतात्यांची बाभळ

नेकनूरला आमच्या गल्लीत दळण टाकून लगेच घरी परतायचं म्हणजे नशीब लागतं. गिरणी चांगली आहे. तिची मोटार मी स्वतः बांधलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी बोलायचं काम नाही. घोटाळा गिरणीवाल्याचा आहे. ज्वारी निम्मी दळून झाली की रंगनाथतात्या बटण बंद करतात, कानावरचा पिठाळ रुमाल सोडतात आणि समोर जी बाई उभी असेल तिला विचारतात, "बाभळ म्हंजी काय, सांग बरं?"

बाई बिचारी म्हणते, "झाड."

"चूक!" तात्या खूश होतात. "वरचं सोड. आतलं बघ."

अर्धं पीठ डब्यात, अर्धी ज्वारी पेटीत, आणि बाई मधल्या मधे अडकलेली. पीठ टाकून कोण जाईल? एवढा हक्काचा श्रोता कीर्तनकारालाही मिळत नाही.

ज्या बाभळीवरून हे सगळं चालतं ती एका जुन्या ओवीतली. बायका जात्यावर दळताना म्हणायच्या तसली. ज्या माणसाच्या गिरणीनं गावातली जाती बंद पाडली, त्यालाच जात्यावरच्या ओवीचं वेड लागावं, ही देवाची गंमत. ओवी अशी:

माझ्या गं वाटंवर
बाभळ व्हती एकली
औंदाच्या पंचमीला
तिनं सावली झाकली

एवढीच. पण तात्यांनी तिच्यातून जेवढे अर्थ काढले तेवढी ज्वारी दळली असती, तर आज गिरणीवर मजला चढला असता.

माझं मोटार बांधायचं दुकान गिरणीला लागून. त्यामुळे मी सगळे अर्थ तांब्याच्या तारा गुंडाळता गुंडाळता ऐकलेत. आधी अध्यात्म आलं. बाभळ म्हणजे देह, काटे म्हणजे विकार, सावली म्हणजे माया, पंचमी म्हणजे पंचप्राण. मग एका उन्हाळ्यात तात्या निजामाच्या काळात शिरले. "बाभळ म्हंजी आपला खबऱ्या. सावली झाकली म्हंजी गडी घावला. बायका दळता दळता निरोप पोचवायच्या, हाय का न्हाई डोकं?" त्यानंतर बाभळ गुप्तधनाची खूण झाली. भर दुपारी सावली बुडाशी येते तिथं खणायचं. हा अर्थ लोकांना अध्यात्मापेक्षा फार पटला. दोघा हौशी गड्यांनी ओढ्याकाठची बाभळ मुळापर्यंत उकरली आणि त्यांना विहिरीच्या पंपाचा एक गंजलेला फुटवॉल्व सापडला. तो दुरुस्तीला माझ्याकडेच आला.

मला या प्रकरणाचा वैताग होता. मी तारेचा माणूस. तार तुटलेली असते किंवा नसते, तिला आतला अर्थ नसतो. एकदा चिडून म्हणालो, "तात्या, आधी दळण तरी पुरं करा."

"तू वायरमन हायेस बे. तुला वरचंच दिसणार."

मी वायरमन नाही, हे त्यांना हजारदा सांगून झालंय.

पण एक दिवस माझी आई दळण घेऊन गेली आणि सहज म्हणाली, "त्यात काय अवघड हाय? सासुरवाशीण हाय ती. पंचमीला माहेरी न्यायला भाऊ आला न्हाई, म्हणून रडती."

आमच्याकडे नागपंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या सासरी जातो आणि तिला चार दिवस माहेरी आणतो. जिचा मुराळी आला नाही, ती लेक वर्षभर बोलणी खाते. आईनं सांगितलेला अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. तात्यांनी मात्र आईची ज्वारी पुन्हा पिशवीत भरली आणि पिशवी तिच्या हातात दिली. "आज लाइट न्हाई," म्हणाले. डोक्यावर दिवा ढणढणत होता.

आई घरी येऊन म्हणाली, "ह्या माणसाला कुठंतरी दुखतंय."

कुठं दुखतंय ते कळलं चकलांब्याहून लग्नाची पत्रिका आली तेव्हा. तिथं तात्यांची थोरली बहीण असते, अक्का. तिच्या नातवाचं लग्न होतं. सोबत निरोप होता की हळदीला रंगनाथनं स्वतः यावं, पोराला धाडू नये. तात्या म्हणाले, "गिरणी कोण बघल?" बहीणभावांचं भांडण असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. लग्नकार्यात चारचौघांत भेटायचे, बरं हाय का विचारायचे आणि दोन टोकांना बसायचे.

नेमकी त्याच आठवड्यात गिरणीची मोटार जळली. माझ्या बांधणीत खोट नव्हती, लाइट कमी-जास्त झाली. मी मोटार उचलून दुकानात आणली, सगळी उकलली आणि सांगितलं, "हळद झाल्याशिवाय व्हायची नाही. कपडे घाला, मी गाडी काढतो."

शिव्या खाल्ल्या, पण तात्या मागं बसले.

मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा घेतला. तिथं ट्रकच्या गोंगाटात, बशीतला चहा निवेपर्यंत, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अक्का नवी नवी सासरी गेलती. पंचमीला मी मुराळी जाणार व्हतो. खण घेतला, बांगड्या घेतल्या. आन त्याच दिवशी गिरणीचं इंजिन आलं. गावात पयलं इंजिन! मी त्येच्या भवतीच नाचत बसलो. मागनं चार दिसांनी गेलो, तर अक्का आत जात्यावर. ही ओवी म्हणत व्हती. मी उंबऱ्यावर उभा. बाभळ म्हंजी मीच की रं! ऐन पंचमीला सावली झाकणारा. गाठोडं कडीला अडकवलं आन आल्या पावली मागं फिरलो."

"मग नंतर विचारायचं ना?"

"विचारलं आसतं आन व्हय म्हणाली आसती तर?"

म्हणजे एवढी वर्षं हा माणूस देह, माया, निजाम, गुप्तधन असं सगळं रान धुंडाळत होता, ते फक्त स्वतःला त्या ओवीतून बाहेर काढण्यासाठी. चहाचे पैसे मी दिले. पहिल्यांदाच मला त्यांचा वैताग आला नाही.

चकलांब्याला पोचलो तेव्हा हळद दळायची चालली होती. लग्नाच्या निमित्तानं जुनं जातं बाहेर निघतं, त्याची पूजा होते, आणि बायका हळकुंडं दळतात. खुंट्याला हात होता अक्काचा. पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. आणि तोंडात, देवा रे, तीच ओवी. बाभळ व्हती एकली.

तात्या उंबऱ्यावर थिजले. मग हळूच वळले. पण मागं मी होतो, हातात आहेराची पिशवी, पाठीशी वऱ्हाड. मी म्हणालो, "तात्या, जागा नाही." खरंच नव्हती. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा त्यांना ओवी पुढं ऐकावी लागली:

बाभळ तोडली बाई
तिचा नांगर केला
भाऊ येईल उन्हात
सांगा कुणी ढगाला

तात्या मटकन खाली बसले.

जातं थांबलं. "उंबऱ्यावर बसू न्हाई, रंग्या," अक्का म्हणाली. "आत ये. आधी पाणी पी."

तांब्या हातात घेऊनच तात्यांनी विचारलं, "अक्का, ती बाभळ कोण गं?"

"कोण म्हंजी? वाटंवरली बाभळ. सासऱ्यानं नांगराला तोडली. म्हटलं, आज न उद्या तू यायचास, आन टेकायला सावलीच न्हाई."

"आतला अर्थ काय त्येचा?"

"आत काय न्हाई रं. वरचंच हाय."

"पर पंचमीला तू माझी वाट बघितली आसशील."

"कशाची वाट! म्हैस आडली व्हती. दिसभर गोठ्यात. तू आला आसतास तर तुलाच रेडकाचं पाय वढायला लावलं आसतं." बायका हसल्या. मग अक्काचा आवाज खाली आला. "आन तू? गाठोडं कडीला अडकवलंस, घोटभर पाणी बी न्हाई प्यालास. कावून? मी लई अर्थ काढला त्येचा. राग धरला म्हणावं, तर गाठोड्यात खण. माया म्हणावी, तर तोंड न्हाई दावलं. बांगड्या तर एवढुशा, पोरीच्या मापाच्या. म्हटलं, ह्येच्या मनात मी आजून परकरातलीच हाय. त्यावर दिवस काढले."

अर्थ काढायचा रोग तात्यांचा एकट्याचा नव्हता तर. घराण्यातच होता. दोघं म्हातारी एकमेकांकडं बघत हसत होती आणि दोघांच्याही गालावरून पाणी ओघळत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मला स्वतःचंच काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, का ते विचारू नका. मी मोटारी बांधतो.

आता गिरणी सरळ चालते. कुणी मुद्दाम खोडी काढून बाभळीचा अर्थ विचारला तर तात्या बटण बंदसुद्धा करत नाहीत. "झाड हाय ते!" असं गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगतात. खरं सांगायचं तर गल्लीला थोडं चुकल्यासारखंच होतं.

पंचमीला मात्र गिरणीला कुलूप असतं. दळण अडलेल्या बायका कितीही बोलल्या तरी उघडत नाही. परवाच्या पंचमीला तात्या सकाळीच धुतलेलं धोतर नेसून एसटीला निघाले. काखेत नवी कोरी काळी छत्री. आमच्याकडं श्रावणात पाऊस असतोच असं नाही, त्या दिवशी तर आभाळात ढगाचं बोटही नव्हतं. मी दुकानातून हटकलं, "तात्या, छत्री कशाला? पाऊस कुठंय?"

"पावसाला न्हाई बे, वायरमन," तात्या न थांबता म्हणाले. "अक्काला आणायला निघालोय. तिच्या वाटंवर सावली न्हाई."