आवाज येत नाहीये

धम्मपालने गेम विकत घेतला त्याला महिना होत आला होता आणि अजून त्याने त्यातला एकही राक्षस मारला नव्हता. तो मॉड टाकत होता.

गेम जुना, वीसेक वर्षांपूर्वीचा. तलवारी, जादूगार, भुयारं, ड्रॅगन, सगळं त्यात होतं. कॉलेजात असताना लालबागच्या सायबर कॅफेत दुसऱ्यांच्या खांद्यावरून त्याने तो पाहिला होता. आता शिवडीला ट्रान्सपोर्ट ऑफिसात बऱ्यापैकी नोकरी, परळला चाळीच्या जागी झालेल्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर घर आणि रविवार मोकळा, एवढं जुळून आल्यावर त्याने तो घेतला. पण सुरू करताच समोर प्रश्न उभा राहिला: खेळायचं कुठून? एक मुख्य कॅम्पेन, म्हणजे मोहीम, तिला जोडून आलेल्या आणखी दोन, आणि जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेल्या इतक्या, की यादी सरकवता सरकवता बोट दुखावं.

त्याने ऑफिसातल्या गॅविनला विचारलं. गॅविन माहीमचा, शाळेपासून हा गेम खेळत आलेला.

"मेन कॅम्पेनपासून सुरू कर मॅन, गुपचूप. आणि मॉडला हात लावू नको."

"मॉड म्हणजे?"

हा एक प्रश्न विचारला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले फेरफार, एवढं कळल्यावर धम्मपालला राहवेना. त्याने झाडं जास्त हिरवी करणारा मॉड टाकला. त्याच्या आधी दुसरा एक मॉड लागत होता. त्या दुसऱ्याला गेमची जुनी आवृत्ती हवी होती. ती टाकली तर गावातल्या सगळ्यांची मुंडकी गायब झाली. बिनमुंडक्याचा गावप्रमुख हातवारे करकरून त्याला मोहिमेवर पाठवत होता. कुठून बोलत होता कोण जाणे.

मुंडकी परत बसवताना त्याला एक फोल्डर सापडला. नायकाच्या सोबत एक लढवय्यी बाई असते, तिची वाक्यं त्यात छोट्या छोट्या ऑडिओ फायलींत ठेवलेली होती. त्यांच्या जागी आपल्याला हवा तो आवाज घालता येतो, असं वाचलं मात्र, आणि तो मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेला.

"आई, ह्याच्यात जरा बोल ना. तू लढाईला निघालीयस. हातात तलवार, समोर शत्रू."

"कोण शत्रू?"

"कोणी पण धर."

मीराबाई तरुणपणी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत माइकशिवाय गायच्या. त्यांनी क्षणभर कोणाला तरी डोळ्यांसमोर आणलं आणि अशा काही बोलल्या, की भांड्यांच्या मांडणीतली ताटं झणझणली. सापळा दिसला तर काय म्हणायचं, हल्ला करताना काय, मरताना काय, सगळं त्यांनी स्वतःच्या मनानेच जुळवलं. धम्मपालने ते सगळं त्या फोल्डरात घातलं.

त्या रविवारी संध्याकाळी खाली सोसायटीच्या ऑफिसात लिफ्टची मीटिंग होती. लिफ्ट कित्येक आठवडे बंद. आठव्या मजल्यावरच्या कमलाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यापायी दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. ज्यांना लिफ्ट सगळ्यात जास्त हवी त्यांनाच मीटिंगला उतरता येत नव्हतं. म्हणून सेक्रेटरी हेरंबने ठरवलं, की कमलाबाईंना फोन लावायचा आणि त्यांचं बोलणं सोसायटीच्या ब्लूटूथ स्पीकरवरून सगळ्यांना ऐकवायचं. स्पीकर चालतो का, हे दुपारी धम्मपालनेच आपला लॅपटॉप जोडून तपासून दिलं होतं.

मीराबाई मीटिंगला गेल्या. धम्मपालने घरात लॅपटॉप उघडला. त्याच सुमाराला खाली हेरंबने फोन लावला, स्पीकर सुरू केला, स्पीकरने टिंग केलं, आणि आपलाच फोन जोडला गेला असं समजून हेरंबने तो खिशात टाकला.

पुढे खाली काय झालं ते धम्मपालला नंतर चार जणांकडून कळलं. प्रत्येकाने पदरचं थोडं घातलं होतं. ते गाळून सांगायचं तर असं.

लिफ्ट कंपनीचा हर्षवर्धन उभा राहिला. "पार्ट बाहेरून येतोय. कस्टममध्ये अडकलाय. आपल्या हातात काय नाय."

वर धम्मपालची लढवय्यी नेमकी गुहेच्या तोंडाशी पोचली होती.

"थांबा!" स्पीकर गरजला. "इथं काहीतरी काळंबेरं आहे!"

सगळे दचकले. कमलाबाई कधी कोणाशी चढ्या आवाजात बोलत नसत. पण इतके दिवस घरात कोंडलेल्या माणसाचं काय सांगावं! एकट्या मीराबाई कान टवकारून बसल्या. तोंड मात्र त्यांनी मिटलेलंच ठेवलं.

वर धम्मपालला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने गॅविनला फोन केला.

"आवाज येत नाहीये रे!"

"सिलेक्ट कर तिला. क्लिक मार."

"बोल, काय पाहिजे तुला?" खाली स्पीकर म्हणाला.

"आजी, थोडा टाइम पाहिजे," हर्षवर्धन चाचरला. "एक महिना."

धम्मपालने पुन्हा क्लिक केलं.

"बोल, काय पाहिजे तुला?"

"बरं, पंधरा दिवस."

"बोल, काय पाहिजे तुला?"

"आठ! आठ दिवस द्या आजी!"

"काही नाही येत," वर धम्मपाल फोनवर म्हणाला.

"मग फाइटमध्ये घाल. व्हॉल्यूम फुल कर."

"धरा रे ह्याला! पळता कामा नये!" खाली स्पीकर दणाणला.

दाराशी बसलेल्या एकाने उठून खरोखरच कडी लावली. हर्षवर्धनने खिशातून रुमाल काढला.

"अजून काहीच नाही गॅविन. आणि तिची तब्येत पण संपत आली."

"मरू दे तिला. मरताना तरी बोलते का बघ."

आणि स्पीकरमधून आवाज आला, कापरा, तुटक, काळजाला हात घालणारा: "गेले रे... गेले मी... पण ह्याला सोडू नका..."

मग सगळं शांत झालं. हेरंबने "कमलाबाई! कमलाबाई!" अशा स्पीकरला हाका मारल्या. ओ आली नाही. मग अख्खी मीटिंग उठली आणि जिन्याकडे धावली. मधे सापडलेला हर्षवर्धनही लोंढ्याबरोबर वर निघाला. थांबणं त्याच्या हातात नव्हतं. पावलांचा धडधडाट ऐकून धम्मपाल दार उघडून पाहतो तो हेरंब ओरडला, "कमलाबाई गेल्या!" तोही चपला न घालता पळत सुटला.

आठव्या मजल्यावर बेल वाजवायच्या आत दार उघडलं. कमलाबाई हातात मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या.

"काय रे हेरंब, कधीची हॅलो हॅलो करतेय मी! मीटिंग संपली की काय?"

हेरंबने खिशातून फोन काढला. तो अजून चालूच होता.

सगळे कठड्याला धरून धापा टाकत होते. हर्षवर्धन पायरीवर बसला होता, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. कमलाबाईंनी त्याला पाणी दिलं.

"सावकाश पी बाबा. उतरताना चौथ्यावर बस थोडा. मी गेल्या वेळी तिथंच बसले होते, रडू यायला लागलं म्हणून."

हर्षवर्धनने खाली वाकून जिन्याकडे पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढला. "हां, मी बोलतोय. तो परळचा पार्ट... अरे तोच, रे रोडच्या गोडाउनमधला. आजच्या आज काढ. उद्या सकाळी बसव."

सगळ्यांनी ऐकलं. कस्टमचा विषय कोणी काढला नाही. काढायला श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली आणि त्या आठवड्यात कमलाबाईंचं ऑपरेशनही झालं. आपण काही बोललोच नव्हतो, असं त्या शपथेवर सांगत राहिल्या. लोक त्याला त्यांचा विनय म्हणू लागले.

पण त्या संध्याकाळी धम्मपाल घरी परतला तेव्हा मीराबाई लॅपटॉपसमोरच बसल्या होत्या.

"धम्म्या, तो माझा आवाज होता ना रे?"

त्याने पडद्यावर पाहिलं. आवाज कुठे चाललाय ते कोपऱ्यात लिहिलेलं होतं: सोसायटी स्पीकर. त्याने डोक्याला हात लावला.

"आई, मग तू तिथंच का नाय सांगितलंस?"

"सांगणार होते. पण तो महिन्यावरून पंधरा दिवसांवर आला. म्हटलं, बघू तरी अजून किती खाली येतो." मग त्यांनी पडद्यावर आडव्या पडलेल्या बाईकडे बोट दाखवलं. "ही मीच ना? मला मारलं कोणी?"

"कोळ्यानं."

"कोळ्यानं? त्याचं मी काय घोडं मारलं होतं?"

"मासेवाला नाय गं, जाळं विणतो तो. बैलाएवढा असतो ह्याच्यात."

"आणि तू कुठं होतास?"

"मी मागं होतो. मी जादूगार आहे. जादूगार मागंच उभा राहतो."

मीराबाईंनी मुलाकडे नीट पाहिलं. मग पदराने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली.

"परत उठव मला," त्या म्हणाल्या. "आणि आता तू पुढं हो."