मास्तरांच्या टेपने मोजलेलं विमान

शिंपीमास्तरांचं माप चुकणं शक्यच नव्हतं! गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्याचा कमरेचा घेर मास्तरांच्या डोळ्यांत उतरलेला असे. मग लेकीच्या विमानाची काय कथा?

लेक चार वर्षांनी माहेरी येत होती. तिने फोनवर तिकीट पाठवलं होतं. तिकडून रात्री दहाला निघणार, सकाळी अकराला इथे.

“म्हणजे आपण दहाला निघायचं,” बायको म्हणाली.

“अगं वेडे, ही तिकडची वेळ! तिकीट तिकडचं, तर घड्याळ इकडचं कसं असेल? आपण साडेपाच तास पुढे. विमान उतरणार दुपारी साडेचारला!”

“तिला एकदा विचारा तरी.”

“लेकीला विचारू? बापाला बेरीज येत नाही म्हणेल!”

तरी बायकोचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी गळ्यातली टेप काढली, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर या शहरापासून त्या शहरापर्यंत ताणली आणि आलेल्या अंतराला विमानाच्या वेगाने भागलं. उत्तर आलं तेरा तास! दहा ते अकरा, तेराच की! गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना ठिकठिकाणी ताणावी लागते, हे मास्तरांच्या गावीही नव्हतं. त्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं!

साडेचारपर्यंत वेळच वेळ. तेव्हा लेक यायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी पुढचं दार हिरव्या रंगाने रंगवायला काढलं. बायकोने केसांना कलप फासला. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. तो वाजून वाजून दमला, पण ऐकतो कोण!

दोनच्या सुमाराला मास्तरांच्या पाठीमागे रस्त्यावर टॅक्सी थांबली.

“आत येऊ का?”

“मागच्या दाराने!” मास्तर शिडीवरून, मान न वळवता ओरडले. “रंग ओला आहे. आज आमची लेक येणार आहे!”

“कधी येणार?”

“साडेचारला. हिशेब केलाय मी!”

“बाबा!”

मास्तर शिडीवरून उतरले की पडले, कुणालाच कळलं नाही. लेकीने मिठी मारली आणि तिच्या पांढऱ्या कोटावर बापाचे दोन्ही हात हिरवेगार उमटले! तेवढ्यात डोक्यावर कलपाचा चिखल घेऊन आई धावत आली आणि उरलेला कोट तिने काळा केला. तिघंही रडत होती आणि रडता रडता खिदळत होती.

मास्तरांनी डोळे पुसले. त्यामुळे नाकही हिरवं झालं. मग घसा खाकरून म्हणाले, “हिशेब बरोबर होता हो. विमानच लवकर आलं!”

“लवकर? तिकिटावर उतरायची वेळ इथलीच असते, बाबा! उलट एक तास उशिरा आलं. विमानतळावर तासभर तुमची वाट पाहिली ती वेगळीच.”

बायकोने कमरेवर हात ठेवले. मास्तरांना ब्रश धुण्याची एकदम घाई झाली.

“परतीचं तिकीट माझ्याकडे दे,” आई लेकीला म्हणाली. “ते मी वाचणार!”

“नको गं,” बापाच्या नाकावरचा रंग पुसत लेक म्हणाली. “ते बाबांनाच वाचू दे. चुकलं तर बरंच आहे!”