दोन पातेली आणि खाडीची फेरी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये अरविंदनं नको तिथं तोंड उघडलं आणि स्वतःहून संकट ओढवून घेतलं. आदल्या वर्षीची सहल श्यामसुंदररावांनी काढली होती. बसनं बागेत, बागेत पुरीभाजी आणि बसनं परत. अरविंद तावातावानं म्हणाला, "याला सहल म्हणतात? बसून गेलात, बसून खाल्लंत, बसून आलात!"

श्यामसुंदरराव शांतपणे सुपारी कातरत होते. "मग या वर्षी तुमी चालवा. अख्खी सोसायटी चालली तर भर मीटिंगमध्ये तुमचा सत्कार करतो. नाय चालली, तर सहलीबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाय."

"मंजूर!" अरविंद म्हणाला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, नंदिनीनं, कपाळाला हात लावला.

बेत तसा झकास होता. नेरूळच्या मागच्या अंगाला, खाडीकाठच्या देवळापासून बांधावरून चालत सुटायचं, अर्ध्या वाटेवर पाणी अडवायचा जुना दरवाजा लागतो तिथं टेकायचं, आणि मिठागरांच्या बाजूनं गोल फिरून पुन्हा देवळाशी यायचं. ना चढ, ना उतार. "सोबत पाण्याची बाटली आणि चिक्की. बास!" अरविंदनं जाहीर केलं.

"चिक्कीवर आमचे हे पहिल्या वळणावरून मागं फिरतील," श्यामसुंदररावांच्या पत्नी गीतांजलीवहिनी म्हणाल्या.

तिथंच अरविंदच्या सुपीक डोक्यात आयडिया आली. जेवण त्या दरवाजापाशीच ठेवायचं! खायचं असेल तर झक मारत चालतील. बांधावर टेम्पो जात नव्हता, पण ओळखीच्या नामदेवची होडी होती.

"नेतो की पातेली," नामदेव म्हणाला. "पन उजाडताच द्या. मंग पानी उतरतं."

सगळं ठरलं, आणि गीतांजलीवहिनींनी कॅलेंडरचं पान उलटलं. "अगं बाई! त्या रविवारी संकष्टी!"

झालं! अर्धी सोसायटी उपासवाली निघाली. मग एका घरात पुलाव, दुसऱ्या घरात साबुदाण्याची खिचडी. पुलावाचा डाव चुकून खिचडीत गेला असं कुणीतरी म्हणालं, म्हणून खिचडी पुन्हा पहिल्यापासून केली. पातेली होडीत चढली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती.

मंडळी मात्र खरंच चालली! गुडघे धरत, अरविंदच्या नावानं खडे फोडत, पण चालली. दरवाजापाशी पोचून बघतात तर जेवण नाही. म्हणजे होतं, दिसत होतं. समोर खाडीच्या मधोमध, चिखलात रुतलेल्या होडीत. झाकणं उन्हात चकाकत होती.

"अहो, माझा उपास आहे हो!" कुणीतरी कळवळलं.

अरविंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला काढून, पँट दुमडून तो चिखलात उतरला. "निदान खिचडी तरी आणतो!" पोटऱ्या बुडाल्या, मग गुडघे. शेवटी नामदेवनं बखोटीला धरून त्याला होडीत ओढलं. "आता गुमान बसा, सायेब. पानी चढल्याबिगर सुटका नाय. पानी आधी देवलाकडं भरतं, होडी तिकडंच नेतो."

अरविंदनं काठावरच्या मंडळींना ओरडून ते सांगितलं.

"मग थांबता कशाला? चला!" श्यामसुंदरराव गरजले. "मिठागरांच्या वाटेवर चहाची टपरी आहे. चहा उपासाला चालतो!"

चहा म्हटल्यावर लोकांच्या पायांत काय बळ संचारलं, विचारू नका. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडंही स्कूटरनं जाणारी माणसं तरातरा निघाली.

दुपारी भरतीच्या पाण्यावर होडी डुलत देवळाशी लागली. पायऱ्यांवर सगळी सोसायटी घामाघूम होऊन बसली होती. फेरी पुरी झाली होती! अरविंदची छाती अभिमानानं भरून आली. पैज जिंकली होती.

श्यामसुंदरराव लंगडत पुढं आले. त्यांनी आधी खिचडीचं पातेलं उघडून पाहिलं. त्यात एका बाजूला चांगला खड्डा पडला होता. मग त्यांनी अरविंदच्या मिशीत अडकलेला साबुदाणा पाहिला.

"सत्कार नक्की करणार, अरविंदराव. शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "अख्खी सोसायटी गोल फिरून चालत आली. तुमी तेवढे बसून खाल्लंत, बसून आलात."